रेट्रो कन्सोलचं कार्ड भरलंय? जागा, सेव्ह आणि बॅकअपबद्दल नेहमी येणारे प्रश्न

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय किंवा बाटोसेरा ही जुने गेम चालवणारी सिस्टिम टाकून ज्यांनी घरी जुन्या गेमचा कन्सोल बनवला आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. भावंडं, शेजारी आणि मित्रांसाठी मी असे बरेच कन्सोल जोडून दिलेत. जोडून दिल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो आणि सुरुवात बहुतेक वेळा एकच असते : "अरे, जागा संपली म्हणतोय." खालचे प्रश्न त्या फोनांमधलेच आहेत.

किती जीबीचं मायक्रो-एसडी कार्ड घेऊ?

ते तुम्ही कोणत्या काळातले गेम खेळणार त्यावर आहे. १९८५ चा सुपर मारियो ब्रदर्स अख्खा ४० केबीचा आहे. व्हॉट्सअॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. आपल्याकडे घराघरांत खेळला गेलेला काँट्रा १२८ केबीचा. अमेरिकेत अधिकृतपणे निघालेल्या एनईएसच्या (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) सगळ्या कॅसेट एकत्र केल्या तरी त्या एका सीडीत मावतील आणि वर जागा उरेल. सुपर निन्टेन्डोचे सगळ्यांत मोठे गेम ६ एमबीचे, गेमबॉय अॅडव्हान्सचे ३२ एमबीपर्यंत, निन्टेन्डो ६४ चे ६४ एमबीपर्यंत. इथवरच खेळायचं असेल तर ३२ जीबीचं कार्डही पुष्कळ झालं.

सीडी आली की हिशेब बदलतो. पहिल्या प्लेस्टेशनची एक डिस्क ६५०-७०० एमबीपर्यंत जाते, म्हणजे एका डिस्कच्या जागेत काँट्रासारखे पाच हजार गेम बसतील. ड्रीमकास्टची डिस्क साधारण १ जीबीची, पीएसपीची १.८ जीबीपर्यंत. हे खेळायचे असतील तर १२८ जीबी घ्या, किंवा कार्ड लहानच ठेवून गेम बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. कारण पुढे येईलच.

६४ जीबीचं कार्ड ५९ जीबीच का दाखवतं? फसवलं का?

नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. ६४ चे ५९.६ होतात, १२८ चे ११९. पण ६४ च्या कार्डावर रेट्रोपायला जेमतेम तीन-चार जीबी दिसत असतील, तर सिस्टिमची इमेज (तयार प्रत) कार्डावर लिहिल्यावर तिचं विभाजन उरलेल्या जागेत पसरलेलं नाही. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली 'एक्स्पांड फाइलसिस्टम' निवडा आणि रीस्टार्ट करा.

बाजारात ५१२ जीबीचं कार्ड अगदी स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

घेतलंत तर गेम टाकण्याआधी तपासा. बनावट कार्डात चिप असते १६ किंवा ३२ जीबीची, आणि तिला '५१२ आहे' असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. सुरुवातीला सगळं नीट चालतं. खरी जागा संपली की नवीन फाइल जुन्यावर लिहिली जाते किंवा हवेत विरते, आणि कार्ड एका शब्दाने तक्रार करत नाही. मी एकदा असं कार्ड न तपासता भाच्याच्या कन्सोलमध्ये घातलं. तीन आठवडे सगळं सुरळीत होतं, मग एकेक गेम अर्ध्यात अडकायला लागला, आणि शेवटी मेनूच उघडेना. त्यात त्याची सुट्टीभराची मेहनत गेली. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम अख्खं कार्ड भरून परत वाचून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. रात्री लावून झोपा, पण सोडू नका.

प्लेस्टेशनचे गेम फार जागा खातात. काही करता येईल?

येईल, आणि जागा वाचवण्याचा सगळ्यांत चांगला उपाय हाच आहे : सीएचडी. मेम हा आर्केडचा, म्हणजे व्हिडिओ पार्लरमधल्या मशिनचा, एम्युलेटर (जुन्या मशिनची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्रॅम). हा फाइलप्रकार त्याच्या लोकांनी हार्ड डिस्क असलेल्या आर्केड मशिनसाठी बनवला. तो डिस्कमधला एकही बिट न गाळता आकार कमी करतो, आणि हवं तेव्हा त्यातून डिस्कचा मूळ डेटा बिन (डेटाची फाइल) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा फाइलींत परत काढता येतो. म्हणून गुणवत्तेची काळजी करायचं कारण नाही.

काम सीएचडीमॅन हा प्रोग्रॅम करतो. तो मेमबरोबरच येतो. हे कन्सोलवर न करता लॅपटॉपवर करा, पायवर फार वेळ लागतो. 'क्रिएटसीडी' (createcd) हा आदेश देताना त्याला क्यू फाइल दाखवायची, बिन नाही. इथे बरेच जण चुकतात. ज्या गेमचं संगीत सीडीवरच्या वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असतं, त्याच्या दहा-वीस बिन फाइल असतात. कोणती कुठे बसते हे फक्त क्यू फाइललाच माहीत असतं.

जागा किती वाचेल ते गेमवर आहे. काही डिस्कवर निर्मात्यांनी नुसतीच भर घातलेली असते. तिथे फाइल निम्म्याहूनही लहान होते. ज्यात व्हिडिओ खच्चून भरलेत, ते आधीच दाबलेले असल्यामुळे तिथे थोडंच वाचतं. दुसरा फायदाही आहे. पंधरा-वीस फाइलींच्या जागी एकच फाइल राहते आणि मेनूत गर्दी होत नाही. जुनी बिन फाइल मात्र गेम दहा मिनिटं खेळून पाहिल्याशिवाय उडवू नका.

प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट, सेगा सीडी या तिन्हींचे नेहमीचे एम्युलेटर सीएचडी वाचतात. पीएसपीला सीएसओ हा प्रकार जुन्या आवृत्त्यांवरही चालतो.

एकाच गेमच्या तीन-चार डिस्क आहेत. मेनूत चार वेळा नाव येतं.

फायनल फँटसी ७ च्या तीन डिस्क, ८ आणि ९ च्या चार-चार. साधी टेक्स्ट फाइल बनवा, तिच्या प्रत्येक ओळीत एका डिस्कच्या फाइलचं नाव लिहा, आणि त्या फाइलला एम-थ्री-यू हे शेपूट द्या, म्हणजे नावाच्या शेवटी .m3u लावा. गेम याच फाइलवरून सुरू करायचा. डिस्क बदलायची वेळ आली की रेट्रोआर्कच्या (सगळे एम्युलेटर ज्यातून चालतात तो प्रोग्रॅम) मेनूतल्या डिस्क कंट्रोलमधून बदला. मुख्य म्हणजे चारही डिस्कना सेव्ह ठेवायला प्लेस्टेशनचं एकच मेमरी कार्ड मिळतं. हे केलं नाही तर पहिल्या डिस्कवरचं सेव्ह दुसरीला दिसत नाही, आणि लोकांना वाटतं सेव्ह उडालं.

सगळे गेम झिप करून ठेवले तर?

कॅसेटवाल्या गेमचे बहुतेक एम्युलेटर झिपमधून थेट वाचतात, तेव्हा हरकत नाही. पण ४० केबीचे ३० केबी करून काय मिळणार? सीडीचे गेम झिप करू नका, त्यांना सीएचडीच.

आर्केडचं वेगळं आहे. तिथली झिप ही मशिनमधल्या सगळ्या चिपांची एक थैली असते. ती उघडायची नाही आणि तिचं नावही बदलायचं नाही. एम्युलेटर त्या नावावरूनच गेम ओळखतो. व्हिडिओ पार्लरमध्ये आपण ज्याला 'मुस्तफा' म्हणायचो, तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याच्या फाइलचं नाव नुसतं 'डायनो' असतं. तिचं 'मुस्तफा' करून ठेवलंत तर गेम सुरू होणार नाही. मेनूत मुस्तफा दिसायला हवा असेल तर मेनूच्या मेटाडेटात (गेमच्या माहितीत) नाव बदला, फाइलला हात लावू नका.

जागा करायला निघालेले लोक इथेच अडकतात. आर्केडच्या 'स्प्लिट' संचात मूळ गेमच्या झिपमध्ये सगळ्या सामायिक चिपा असतात, आणि अमेरिकी किंवा जपानी आवृत्तीच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या. म्हणजे 'डायनो' उडवून अमेरिकी 'डायनो-यू' ठेवलीत तर ती एकटी चालणार नाही. तसंच निओजिओ या आर्केड मशिनची बायोस झिप, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची. मेनूत ती गेम म्हणून दिसते आणि चालवली तर काहीच होत नाही, म्हणून कोणीतरी ती 'बिनकामाची' समजून काढतं आणि निओजिओचे सगळे गेम एका दमात बंद पडतात.

माझ्याकडे फक्त एनईएस आणि सेगाचे गेम आहेत, तरी कार्ड भरलं. कसं काय?

फोटो आणि व्हिडिओ. मेनूत गेमवर थांबलं की मागे छोटा व्हिडिओ चालतो ना, तो ४० केबीच्या गेमसाठी सहज दोन-तीन एमबीचा असतो. एनईएसचे सातशे गेम धरा : गेम दोनशे एमबीच्या आत, व्हिडिओ दोन जीबी. त्यात कव्हरचे फोटो आणि पुस्तिकांच्या पीडीएफ.

बाटोसेरात हे सगळं प्रत्येक सिस्टिमच्या गेमफोल्डरातच इमेजेस, व्हिडिओज, मॅन्युअल्स अशा उपफोल्डरांत असतं. व्हिडिओचं फोल्डर रिकामं केलं तरी गेमला काही होत नाही. रेट्रोपायवर हे फोटो-व्हिडिओ आणायला स्कायस्क्रेपर हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याचा कॅशे (तात्पुरता साठा) वेगळा साठतो. म्हणजे एकच चित्र दोनदा. सगळी माहिती नीट आल्यावर त्याच्याच मेनूतून कॅशे साफ करा. माझ्या घरच्या कन्सोलवर मी फोटो ठेवतो आणि व्हिडिओ एकही नाही. मेनूही त्याने हलका चालतो.

गेम पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवता येतात का?

येतात, आणि ठेवावेतच. कार्ड बिघडलं तर नव्या कार्डावर सिस्टिम अर्ध्या तासात परत लिहून होते. गेम बाहेर असले की त्यांना धक्का लागत नाही.

रेट्रोपायवर दोन पद्धती आहेत आणि त्यांत गोंधळ होतो. पेन ड्राइव्हवर इंग्रजीत 'रेट्रोपाय' नावाचं फोल्डर केलं तर गेम तिथून कार्डावर कॉपी होतात, म्हणजे जागा कार्डाचीच जाते. 'रेट्रोपाय', आडवी रेघ, 'माउंट' असं फोल्डर केलं, सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान, तर गेम थेट ड्राइव्हवरून चालतात. पहिल्यांदा लावल्यावर कार्डावरचं सगळं ड्राइव्हवर उतरतं. घाई न करता दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत ड्राइव्ह काढू नका. कार्डावरची जुनी प्रत मात्र तिथेच राहते. ड्राइव्ह लावलेला असताना ती दिसत नाही, पण जागा धरून बसते. सगळं ड्राइव्हवर नीट आल्याची खात्री झाली की ड्राइव्ह काढून ती हाताने साफ करायची.

बाटोसेरात सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज डिव्हाइस' निवडून रीस्टार्ट केलं की झालं. पण रीस्टार्ट झाल्यावर मेनू रिकामा दिसतो आणि लगेच फोन येतो. घाबरू नका. बाटोसेराने नव्या ड्राइव्हवर नवीन फोल्डर केलेत, जुने गेम, सेव्ह आणि बायोस कार्डावर तसेच आहेत. ते आपल्याला स्वतः नेऊन ठेवावे लागतात.

पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. फिरत्या हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त लागू शकते. टकटक आवाज येत असेल किंवा मध्येच गेम नाहीसे होत असतील तर स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब वापरा, नाहीतर फिरता भाग नसलेली एसएसडी घ्या. आणि निळ्या पोर्टला लावा, ते यूएसबी ३ चे आहेत.

ड्राइव्ह कशात फॉरमॅट करू?

रेट्रोपायला एक्सफॅट. बाटोसेराला शक्यतो ईएक्सटी-४, ते तिच्याच मेनूतून करता येतं. विंडोजला ईएक्सटी-४ चा ड्राइव्ह वाचता येत नाही, तेव्हा गेम वायफायवरून टाका. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे कन्सोलचं नाव लिहिलं की फोल्डर उघडतात. फॅट-३२ टाळा. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

जागा करायला गेम काढला तर त्याचं सेव्ह जाईल का?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. गेम पुन्हा टाकता येतो. मुलीने चार महिने रोज अर्धा तास खेळून उभं केलेलं सेव्ह पुन्हा कुठूनही आणता येत नाही. आणि आकार बघा : सुपर मारियो वर्ल्डचं सेव्ह २ केबी, प्लेस्टेशनचं अख्खं मेमरी कार्ड १२८ केबी. घरातल्या सगळ्यांची सेव्ह एकत्र केली तरी एका गाण्याएवढी जागा लागणार नाही. तेव्हा जागेसाठी सेव्ह कधीच काढू नका.

ती कुठे असतात ते माहीत हवं. बाटोसेरात 'सेव्ह्ज' नावाचं स्वतंत्र फोल्डर आहे, त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं. गेम काढला तरी सेव्ह राहतं. रेट्रोपायवर मात्र बहुतेक सेव्ह गेमच्या शेजारीच पडतात, एसआरएम (.srm) शेपटाची. "हे अख्खं फोल्डरच उडवतो" म्हणून उडवलंत की सेव्हही गेली. म्हणून रेट्रोपायवर फोल्डर उडवायचं नाही, एकेक गेम काढायचा : गेमवर जाऊन सिलेक्ट, मग मेटाडेटा बदलण्याचा पर्याय, तिथे डिलीट. हा पर्याय दिसत नसेल तर मेनू किऑस्क किंवा किड मोडमध्ये असेल, त्यात बदल करू देत नाहीत.

आणखी एक. सेव्ह गेमच्या फाइलच्या नावाने शोधलं जातं. यादी नीटनेटकी करायला फाइलींची नावं बदललीत तर सेव्हची नावंही तशीच बदला, नाहीतर गेम पहिल्यापासून सुरू होईल. सेव्ह गेलेलं नसतं, फक्त त्याला आपला मालक सापडत नाही.

सेव्ह आणि सेव्ह स्टेट यात फरक काय? स्टेट काढून टाकली तर चालेल?

सेव्ह गेम स्वतः करतो, तो मूळ कन्सोलवर जसं करायचा तसं. स्टेट म्हणजे एम्युलेटरने त्या क्षणी अख्ख्या मेमरीचा काढलेला फोटो. प्लेस्टेशनची एक स्टेट काही एमबीची असते, आणि मुलं दर दोन मिनिटांनी काढतात. शिवाय एम्युलेटर अपडेट झाला किंवा बदलला की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. जुन्या स्टेट खुशाल काढा, पण त्याआधी गेममधून खरं सेव्ह करून ठेवा.

खेळता खेळता लाइट गेली आणि सेव्ह केलेलंसुद्धा नाहीसं झालं. असं कसं?

गेमने 'सेव्ह झालं' असं सांगितलं तरी ते अजून कार्डावर गेलेलं नसतं. रेट्रोआर्क ते मेमरीत ठेवतो आणि गेममधून बाहेर पडताना फाइलमध्ये लिहितो. मुलगा दुपारी दोनपासून खेळतोय, पाच वेळा सेव्ह केलंय, आणि साडेपाचला लाइट गेली, तर पाचही वेळचं गेलं. उन्हाळ्यात ज्या गावांत भारनियमन असतं तिथे हे मी वारंवार ऐकतो.

रेट्रोपायवर याला उपाय आहे. रेट्रोआर्कच्या सेटिंग्जमध्ये 'सेव्हिंग' या भागात 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' असतो. तो बंद असेल तर १० किंवा ३० सेकंद करा, आणि बाहेर पडण्याआधी 'सेव्ह करंट कॉन्फिगरेशन' करा, नाहीतर बदल टिकत नाही. ज्या घरांत मी हे केलं तिथून सेव्ह गेल्याचा फोन परत आलेला नाही.

मुलांना बटण दाबून बंद करण्याची सवय लागू देऊ नका. सिलेक्ट आणि स्टार्ट दाबून गेममधून बाहेर, मग मेनूतून शटडाउन, मग स्विच. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तोडली तर कार्डच करप्ट होतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तसा पायला चालणारा, ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा मिळाला तर घ्या. कार्ड अगदी काठोकाठही भरू नका. जागा शून्य झाली की मेनूची गेमयादी लिहिता लिहिता रिकामी होऊ शकते. मी दोन जीबी कायम मोकळी ठेवतो.

दोन भावंडं एकच गेम खेळतात आणि एकमेकांचं सेव्ह पुसतात.

कॅसेटवाला गेम असेल तर त्याची आणखी एक प्रत टाका, नावापुढे मुलाचं नाव लावून. सेव्ह फाइलच्या नावाने होत असल्यामुळे दोघांची वेगळी राहतात, आणि जागाही फारशी लागत नाही. प्लेस्टेशनचा गेम असेल तर ७०० एमबीची प्रत नको. वर सांगितलेली एम-थ्री-यू फाइल दोनदा बनवा, दोघांच्या नावाने, आणि दोन्हींत तीच सीएचडी लिहा. गेम एक, मेमरी कार्डं दोन. माझ्या पुतण्या आज तीन वर्षं अशाच खेळतायत.

बॅकअप कशाचा आणि कसा घ्यावा?

सगळं जोडून, कंट्रोलर बसवून झालं की कार्डाची एक पूर्ण इमेज काढून ठेवा. ही एकदाच. ६४ जीबीच्या कार्डाची इमेज ६४ जीबीचीच होते आणि दुसऱ्या कंपनीच्या ६४ च्या कार्डात कधी कधी मावत नाही, कारण ते काही एमबीने लहान असतं. लिनक्सवर पायश्रिंक वापरून इमेज आटवली की हा त्रास संपतो.

सेव्ह मात्र नेमाने. बाटोसेरात सेव्ह्जचं फोल्डर वायफायवरून लॅपटॉपवर ओढा. रेट्रोपायवर शेअर उघडून शोधाच्या चौकटीत 'एसआरएम' टाका, सापडलेल्या फाइली कॉपी करा. पीएसपीचा एम्युलेटर स्वतःचं 'सेव्हडेटा' फोल्डर ठेवतो, ते वेगळं घ्या. रविवारी पाच मिनिटांचं काम आहे.

दहा हजार गेम भरलेलं तयार कार्ड मिळतं. ते का नको?

पहिलं, ते बेकायदा आहे. त्यातल्या गेमचे हक्क विकणाऱ्याकडे नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर मालकाला प्रोग्रॅमची सुरक्षेपुरती बॅकअप प्रत करायची मुभा आहे, दुसऱ्याला विकायची नाही. दुसरं, त्या कार्डात एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी, युरोपी अशा प्रती असतात आणि निम्म्या आर्केड झिप तुमच्या एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या '९९९९ इन १' कॅसेटची आठवण येते. आत पाच-सहाच गेम असायचे, तेच फिरून फिरून. चाळीस गेम असलेल्या घरात मुलं गेम संपवतात. दहा हजारांच्या घरात मेनू खाली सरकवत बसतात, हे मी दोन्ही घरांत पाहिलंय.

नवीन काही हवं असेल तर जुन्या कन्सोलसाठी आजही लोक गेम बनवतात. २०१९ चा मायक्रो मेजेस हा एनईएसचा गेम विकत मिळतो, चार जण एकत्र खेळू शकतात, आणि तो मुद्दाम ४० केबीत बसवलेला आहे.

माळ्यावर जुन्या कॅसेट आणि सीडी सापडल्यात. त्यांचं काय करू?

सीडीपासून सुरुवात करा, आजच. कोकणातल्या दमट हवेत तर त्यांच्यावर बुरशीचे डाग धरतात आणि दरवर्षी थोडं कमी वाचलं जातं. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल नाही. मग लॅपटॉपवर बिन-क्यू काढा आणि सीएचडी करा.

कॅसेट वाचायला कार्ट रीडर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र, लागतो. आपल्याकडच्या टीव्ही व्हिडिओ गेमच्या कॅसेट जपानी फॅमिकॉमसारख्या ६० पिनांच्या आहेत, अमेरिकी एनईएसच्या ७२ पिनांच्या. रीडर घेताना हे बघा. आपल्या बहुतेक कॅसेटींत सेलच नसायचा, त्यामुळे त्यांत सेव्ह नाही. पण परदेशातून कोणी आणलेली गेमबॉयची पोकेमॉन कॅसेट असेल तर आत एक नाणं-सेल आहे, आणि तो पंचवीस वर्षांनीही कधी कधी जिवंत असतो. तो बदलायला कॅसेट उघडू नका. सेल निघाला की सेव्ह गेलं. आधी रीडरने गेम आणि सेव्ह दोन्ही उतरवून घ्या, सेव्हच्या फाइलला गेमचंच नाव आणि एसआरएम शेपूट द्या, आणि कन्सोलवर टाका. माझ्या मोठ्या भावाचं १९९९ मधलं सेव्ह असं निघालं. पोकेमॉनला त्याने तेव्हाच्या आमच्या कुत्र्याचं नाव दिलेलं होतं.